टकलावरची जांभळी छटा

दाजीबानपेठेत नागोजी महेंद्रकरांचं ब्लाउजपीसचं दुकान. गिऱ्हाइकानं साडी दाखवली की चष्मा न लावता ते नेमका जुळता ताका ओढत आणि पायरीवर उन्हात धरून बघत. ट्यूबलाइटवर त्यांचा विश्वास नव्हता. त्यामुळे टकलावर जांभळा डाग उठला तेव्हा ते आरसा घेऊन पायरीवरच आले. मुक्या माराचा रंग आठवड्यात हिरवट पडतो. हा तीन आठवडे हलला नव्हता.

"शटरला आपटलं असेल. मुका मार," घरचे डॉक्टर म्हणाले. संध्याकाळपर्यंत डागाची कड हिरवट झाली.

"बघा, उगीच घाबरवता," त्यांची बायको कुसुमावती म्हणाली.

देशपांडे नगरातल्या त्वचारोगवाल्यांनी गजकर्ण ठरवलं. मलम आणेपर्यंत डाग गोल झाला, मधून स्वच्छ. नागोजींना हा आज्ञाधारकपणा खटकला. तो त्यांनी पोटच्या पोरांतही कधी पाहिला नव्हता.

धारवाडच्या मोठ्या डॉक्टरांनी मात्र आवाज उतरवला. "रक्तवाहिन्यांचा कॅन्सर असू शकतो. दुर्मीळ आहे. साध्या दुखण्यांची सोंगं घेतो. उद्या तुकडा काढून तपासू. उशीर केलात तर हातात काही राहणार नाही."

परतीच्या बसमध्ये कुसुमावतीनं डोळे पुसले आणि नवऱ्याला धीर द्यायचा म्हणून म्हणाली, "काही झालेलं नाही तुम्हाला. ठणठणीत आहात."

"असं म्हणू नकोस गं!" नागोजी ओरडले. अख्खी बस वळून बघू लागली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या टेबलावर ते आडवे झाले तेव्हा टकलावर डाग नव्हता.

"एनू आगिल्ल, अण्णा. काही झालेलं नाही. तुकडा काढू कुठून?"

"कुठूनही काढा हो!"

डॉक्टर हसले. निरोगी माणूस कापायची त्यांच्याकडे पद्धत नव्हती. कुसुमावतीनं वाटेत पेढे घेतले.

नागोजी आरसा आणि शिंप्याचा खडू घेऊन पायरीवर बसले. टकलाचा रंग अर्ध्या छटेनं ताजा होता. त्या ताज्या रंगाची कड धरून ते खडू ओढत गेले. कानामागून. मानेवरून. सदऱ्याची बटणं काढून छातीवरून, दंडावरून.

कड सापडेना.

त्यांनी ब्लाउजपीसची टाचणी काढून मनगटात खुपसली.

दुखलं नाही. भोक कोरडंच राहिलं. ते बराच वेळ बघत बसले.

"अगंबाई, टोचून घेतलंत?" कुसुमावती पेढा घेऊन आली. "रक्त आलं का?"

तेव्हा आलं.