काल्यातलं तवसं

गोकुळाष्टमीच्या काल्यानं अर्धा गाव आजारी पडला आणि गंगूबाई गेली. काल्यातलं तवसं, म्हणजे मोठी काकडी, गनीच्या मळ्यातलं, म्हणून फौजदारांनी त्याला कोठडीत टाकलं. सुटून आलाच, तर त्याचं घर पेटवायचं असं गावानं ठरवून ठेवलं होतं.

ठरवणाऱ्यांत विठूही होता. कीर्तनवेडा माणूस. बुवांची आरती होईपर्यंत जागचा हलला नव्हता, मग द्रोण भरभरून काला खाल्ला आणि अंथरुणाला खिळला. त्यामुळे गनीची बायको झुबेदा रावजी सुर्व्यांच्या ओटीवर आली, तेव्हा त्यानं तोंड फिरवलं. रावजी खाजगी तपास करीत, विठू त्यांचा मदतनीस.

"त्याच वेलाची तवशी आम्ही घरात खाल्ली, रावजीभाऊ," झुबेदा म्हणाली. "पोरांना काय झालं नाय. ज्यानं केलं त्याचं नाव गावासमोर काढा. मला ते उभं राहून ऐकायचंय."

रावजींनी आधी गनीच्या मळ्यातली माती बाटलीत भरली. मग दोघे काशीरामकडे गेले.

काला कालवायचा मान काशीरामचा. गनीनं दरसालाप्रमाणे तवशी आदल्या दिवशी त्याच्याच ओटीवर आणून ठेवली होती. पण गंगूबाई त्याची सख्खी बहीण, तेव्हा त्याच्यावर संशय घेणार कोण? भिंतीवर त्याच्या मुलाचा, शिवाचा, हार घातलेला फोटो होता. गनीच्या होडीतून गेला आणि बुडाला. गनी तेवढा परत आला.

"देवाची करणी," काशीराम म्हणाला. काला आपण खाल्लाच नाही, नवस होता, असंही त्यानं सांगितलं.

मागच्या दारी मुंबईहून आणलेल्या कोंबड्या होत्या. त्यांच्या दाण्यावर पिवळी पूड भुरभुरलेली. ही घातली की कोंबडी मरत नाही, उलट फुगते, असं तो कौतुकानं सांगत होता. त्याची बायको कमळा म्हणाली, शिमग्यात चुकून खुराड्याच्या पाण्यानं भाजी धुतली गेली आणि सगळं घर असंच आजारी पडलं. डॉक्टरांचं औषधही लागू पडेना. काशीरामनं तिला चहा टाकायला आत पाठवलं. रावजींनी कोंबड्यांची विष्ठा कागदात बांधून घेतली.

परतताना विठू पुटपुटला, "अष्टमीचा उपास काल्यानंच सुटतो. काला न खाण्याचा नवस कुठल्या बुवानं सांगितला याला?"

रावजी चालता चालता थांबले. "विठोबा, पुन्हा बोल."

माती, विष्ठा आणि आजाऱ्यांचे नमुने रावजींनी मुंबईच्या प्रयोगशाळेत धाडले. उत्तर आल्यावर त्यांनी गावाला देवळाच्या सभामंडपात बोलावलं. फौजदार गनीला घेऊन आले.

"मातीत जंतू असतातच," रावजी म्हणाले. "गनीच्या मातीत नाना जातींचे निघाले, आणि डॉक्टरांच्या औषधानं सगळे मेले. आजाऱ्यांच्या पोटातले मात्र एकाच जातीचे, आणि त्या औषधाला दाद न देणारे. ज्याच्या वाट्याला रोज औषध येतं, तोच जंतू त्याला पचवायला शिकतो. गावात औषध रोज पडतं ते एकाच ठिकाणी, काशीरामच्या कोंबड्यांच्या दाण्यात. ती पिवळी पूड म्हणजे तेच औषध. त्यांच्या विष्ठेत हुबेहूब तीच जात सापडली."

"नकळत झालं असेल," विठू म्हणाला.

"शिमग्यात नकळत झालं. त्या पाण्यानं काय होतं हे तेव्हा घरात कळलं होतं. या वेळी तवशी त्याच पाण्यात बुडवली आणि स्वतः काला टाळला. नवस तूच खोटा पाडलास, विठोबा."

काशीराम खांबाला टेकला होता. "माझा शिवा नाही, मग गनीनं तरी या गावात का राहावं? गावानं त्याला हाकलावं, एवढंच हवं होतं."

"आणि गंगूबाई?"

"तिला म्हटलं होतं, काला खाऊ नको. का, म्हणून विचारलं तिनं. मी गप्प बसलो."

झुबेदा उभीच होती. "शिवासाठी माझा माणूस पुन्हा पुन्हा पाण्यात उतरला, काशीरामदादा. शेवटी बेशुद्ध झाला तेव्हा लोकांनी ओढून काढला. तुम्ही कधी विचारलंत नाय."

फौजदारांनी गनीच्या हातातली बेडी काढली आणि तीच काशीरामला घातली. कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. विठू उठला, गनीसमोर जाऊन हात जोडून उभा राहिला.

गनी त्याला वळसा घालून बायकोकडे गेला.