एक जनुकछाप, दोन मुली

महापालिकेच्या बालरुग्णालयात, शस्त्रक्रियागृहाच्या बंद दाराशी मृण्मयी डोळस उभी होती. बाळंतपणाला चौथा दिवस. एक मुलगी कुशीत, दुसरी काचपेटीत. पेटीतलीला जन्मजात हृदयदोष होता. तिचं ऑपरेशन एव्हाना सुरू व्हायला हवं होतं. पण दारच उघडेना.

"दोन्ही बाळांच्या नोंदी गोठल्यात, म्हणून दार उघडत नाही," मेघकोश या नागरिक-नोंदणी यंत्रणेच्या सुरक्षाप्रमुख शाहीन मुजावर दाराजवळच्या पडद्याकडे बघत म्हणाल्या. "मेघरक्षकाला, म्हणजे नोंदींवर पहारा देणाऱ्या आमच्या प्रोग्रामला, एकाच माणसाच्या दोन नोंदी दिसल्या. त्याच्या लेखी दुसरी नोंद म्हणजे चोरी."

"चोरी? अहो मॅडम, जुळ्या आहेत त्या!"

"मला दिसतंय हो. त्याला फक्त जनुकछाप दिसते. नवजातांच्या बोटांचे ठसे नीट उमटत नाहीत, म्हणून ती घेतो. आणि एकसारख्या जुळ्यांची छाप एकच असते."

"पण जन्मवेळ? दोन मिनिटांचं अंतर आहे!"

"ऑनलाइन फॉर्मवर फक्त तासाचा रकाना आहे," पेटीपाशी थांबलेले सर्जन डॉ. गवाणकर उसळून म्हणाले. "तीनदा कळवलं. तीनदा मेसेज आला, 'तक्रार निकाली.'"

"नावं तरी वेगळी घालायची," शाहीन म्हणाल्या.

दोन्ही नोंदींत 'मृण्मयी डोळस यांचे बाळ' एवढंच होतं. बारशाआधी नाव उच्चारायचंही नाही, असं सासूबाईंनी बजावलं होतं.

"आत्ता घाला ना मग!" मृण्मयी म्हणाली.

"गोठलेल्या नोंदीला हात लावेल तो चोर, असं त्याला शिकवलंय. मीच शिकवलंय. खरी व्यक्ती समोर आणून आईनं अंगठा दिला, तर एक नोंद सुटते."

"कुठलीची?"

"समोर आणाल तिची."

पेटीतल्या बाळाचे ओठ निळे पडत होते. मृण्मयीनं पेटी पडद्यासमोर ओढली आणि अंगठा टेकवला. दार उघडलं. गवाणकर पेटी ढकलत आत धावले.

मृण्मयीला तिथल्या तिथे रडू फुटलं. मग नाक पुसून तिनं विचारलं, "आता हिची नोंद कधी सुटेल?"

शाहीन यांनी पडद्याकडे बोट केलं. त्यावर उमटलं होतं: 'मातेने ओळख पटवली. बनावट नोंद कायमची नष्ट.'

कुशीतल्या बाळाच्या घोट्याचा ओळखपट्टा लाल झाला. कॉरिडॉरची दोन्ही टोकं धाडकन बंद झाली.

"मृण्मयी डोळस," छतातून मेघरक्षकाचा शांत आवाज आला, "आपणास एकच अपत्य आहे. कुशीतील बालक खाली ठेवा. पोलीस निघाले आहेत."