एकमेकांची अट

रोज पहाटे पाच वाजता दीर्घनिद्रा केंद्रातली सातशे बारा अटपत्रं एकेक करून चालतात आणि आज कोणाला उठवायचं ते ठरवतात. माणसं ते ठरवत नाहीत. तसा कायदाच आहे.

दीर्घनिद्रा म्हणजे शरीर अतिशय थंड ठेवून वय थांबवणं. अटपत्र म्हणजे आपल्याला केव्हा जागं करायचं, हे झोपणाऱ्याने स्वतः लिहून ठेवलेली शेल स्क्रिप्ट. शेल ही संगणकाला थेट हुकूम देण्याची जुनी, साधी भाषा. तिच्यात अट घालता येते: अमुक खरं असेल तर हे कर, नाहीतर ते कर.

अटपत्रांवर पन्नास वर्षांची मोहोर असते; तोवर ती कोणालाही वाचता येत नाहीत. अरविंद आणि नलिनी खोपकर यांची मोहोर त्या दिवशी उघडली. ती अटपत्रं वाचायला त्यांची मुलगी मृदुला आली होती. वय बासष्ट. आईला फुप्फुसाचा आजार होता. तिला एकटीला झोपावं लागू नये म्हणून वडीलही झोपले. बारा वर्षांच्या मृदुलाला आत्याकडे ठेवलं होतं, दोन-तीन वर्षांसाठी. औषध तिसऱ्याच वर्षी निघालं. पण दोघंही उठली नाहीत.

काचेपलीकडे पांढरं धुकं सावकाश सरकत होतं. त्यात आईचा चेहरा मधूनच दिसायचा, विरायचा. छत्तीस वर्षांचा चेहरा.

"उठलेल्या माणसाच्या नावाची एक रिकामी फाईल आम्ही 'जागे' या फोल्डरमध्ये ठेवतो," केंद्राचे शास्त्रज्ञ इंद्रजित सोनटक्के पडद्याकडे बोट दाखवत म्हणाले. "आईंची अट अशी: औषध निघालं असेल आणि अरविंदची फाईल असेल, तर उठवा. वडिलांची: नलिनीची फाईल असेल, तर उठवा."

"आणि नसेल तर?"

"ते दोघांनीही लिहिलेलं नाही. मग शेल काही करत नाही, नुसतं शून्य नोंदवते. शेलमध्ये शून्य म्हणजे सगळं ठीक."

सतरा हजारांहून जास्त सकाळी सगळं ठीक होतं.

मृदुला हसली. "घरीही हेच चालायचं, डॉक्टर. बाबांनी घास घेतल्याशिवाय आई जेवायची नाही, आणि आईचं पान वाढल्याशिवाय बाबा घास घ्यायचे नाहीत. भात गार व्हायचा. शेवटी मीच ओरडायचे, आधी मला वाढा!"

सोनटक्क्यांनी कीबोर्ड जवळ ओढला. "ताई, अटपत्राला हात लावणं गुन्हा आहे. पण अट फाईल आहे की नाही एवढंच बघते. माणूस खरंच जागा आहे का, हे बघत नाही." 'जागे'मध्ये रिकामी फाईल बनवणारी एक ओळ त्यांनी टाइप केली, नावाची जागा मोकळी ठेवून. "कोणाच्या नावाची ते तुम्ही भरा. एक उठला की दुसऱ्याला उठायला एक दिवस जाईल. मी चहा सांगून येतो."

म्हणजे दोघांपैकी एकाला खोटं सांगून उठवायचं, आणि ते खोटं एक दिवस सांभाळायचं. मृदुलाने वडिलांचं नाव भरलं. त्यांची फाईल दिसल्यावर आई उठणार होती. आईला वाट बघायची सवय होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं विरलं. नलिनीने डोळे उघडले आणि समोरच्या पांढऱ्या केसांच्या बाईकडे पाहिलं.

"आजी," ती क्षीण आवाजात म्हणाली, "हे उठले ना?"

"उठले," मृदुला म्हणाली.

"मग दिसत कसे नाहीत?"

"अंघोळीला गेलेत."

नलिनीचा चेहरा सैल झाला. "या माणसाला अंघोळीला तास लागतो." मग तिने मृदुलाचा हात धरला. "आजी, आमची मृदू वन्संकडे आहे. तिला कळवाल का? दहावीच्या परीक्षेआधी नक्की उठेन, असं कबूल केलं होतं मी. उशीर नाही ना झाला?"

मृदुलाने तो तरुण हात आपल्या सुरकुतलेल्या हातात घट्ट धरून ठेवला.

"पास झाली ती," ती म्हणाली.