निम्मी खरपुडी

कुमार एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर कामाला होता, आणि सुट्टीच्या दिवशी मोबाइलवरून दुर्मिळ रानवेली विकायचा. कुंभारी गावामागच्या माळावर आता खरपुडीची एकच वेल उरली होती. बाकीच्या काही त्यानेच खणून नेल्या, काही नव्या प्लॉटांच्या मुरमाखाली गेल्या. पुण्याच्या एका हौशी गिऱ्हाइकाला ही शेवटची वेल अख्ख्या कंदासकट हवी होती.

भर दुपारी तो माळावर पोचला. वेलीला कंदिलाच्या घाटाची इवली इवली फुलं लागली होती. शीळ घालत त्याने कंद उकरला. धनगराच्या घरचा पोरगा तो. खायला खरपुडी काढली की वेलीकडचा निम्मा कंद परत पुरायचा, ही रीत त्याला पक्की ठाऊक होती. पण गिऱ्हाइकाला निम्मा कंद चालणार नव्हता.

"निम्मी माघारी ठिव की," मागून आवाज आला.

बाभळीखाली एक म्हातारा घोंगडं पांघरून बसला होता. एवढ्या उन्हात घोंगडं! मेंढरांचा वास येत होता, मेंढरू मात्र एकही दिसत नव्हतं.

"ठिवतो की, आबा," कुमार हसून म्हणाला.

"न्हाय ठिवलीस तर... तुजं निम्मं मी घीन."

"घ्या की!"

म्हाताऱ्याने डोळे मिटले. कुमारने तेवढ्यात वेल आणि कंद पिशवीत कोंबून गाडीला किक मारली.

घरी त्याची आई राजाबाई त्याला बघून पदर तोंडाला लावून हसतच सुटली. "आरं, मिशी कुटं गेली?"

आरशात मिशी डावीकडेच होती. उजवीकडे वस्तरा फिरवल्यासारखं गुळगुळीत. पायात चप्पलही एकच. कुमारलाही हसू फुटलं, पण पिशवी उघडली आणि ते मावळलं. वेलीला चिकटलेला कंद निम्माच होता, मधोमध कापलेला, आणि चीक अजून गळत होता.

राजाबाईचं हसू थांबलं. "घोंगडंवालं कुणी... भेटलं हुतं का रं?"

"व्हय..."

"सांज व्हायच्या आत जाऊन पुरून ये. ते अजून काय काय निम्मं नेईल, सांगता येत न्हाय."

कुमार तसाच सुटला. खड्ड्यात कंदाचा दुसरा तुकडा नीट ठेवलेला होता, शेजारी त्याची चप्पल. त्याने वेल लावली, दोन्ही तुकडे पुरले, बाटलीतलं पाणी घातलं, हात जोडले आणि पुण्याच्या गिऱ्हाइकाला तिथल्या तिथे ब्लॉक करून टाकलं. बाभळीखाली कुणी नव्हतं.

तसं पाहिलं तर सगळं गोडच झालं. वेल जगली, यंदा शेजारी दोन नवी रोपं वर आली. प्लॉटवाल्यांनी ठोकलेल्या खुंट्या रोज सकाळी बरोबर निम्म्या उपटलेल्या सापडू लागल्या, तेव्हा कंटाळून त्यांनी तेवढी पट्टी सोडून दिली. कुमारची मिशीही पुन्हा झोकात आली.

फक्त संध्याकाळी तो कामावरून परततो तेव्हा त्याची सावली कमरेपर्यंतच पडते. उरलेली, डोक्याखांद्यांची, माळावर त्या वेलीपाशी पडलेली असते. राजाबाईने ती स्वतः पाहिली आहे. कुणी कुदळ घेऊन माळ चढू लागलं, की ती सावली मान वर करते.