धैर्यशील चौगुलेची कबुली

कोल्हापुरात आता कुणी फार ऐटीत जुनं काही सांगू लागला, की समोरचा शांतपणे विचारतो, “देखीव की ऐकीव?” उगमपट्टी बाजारात येऊन चार वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात खासबागेतल्या कुस्त्यांच्या आठवणी सांगणाऱ्या निम्म्या म्हाताऱ्यांची बोलती बंद झाली होती. कपाळाला बांधायची ती बोटभर रुंदीची पट्टी. स्वतः अनुभवलेलं आठवताना माणसाच्या मेंदूतले स्पर्शाचे, हालचालीचे भाग जागे होतात. कुणाकडून कळलेलं आठवताना बहुतेक भाषेचेच. पट्टी हा फरक ओळखायची आणि पडद्यावर ‘देखीव’ किंवा ‘ऐकीव’ यांपैकी एक शब्द उमटवायची. खरंखोटं तिला कळत नसे. आठवण कुठून आली, एवढंच ती सांगे.

संगीताच्या इतिहासकार डॉ. हेमांगी शिंत्रे यांना या पट्टीची भीती वाटायचं कारण नव्हतं. ‘गुऱ्हाळ’ या कोल्हापूरच्या गाजलेल्या रॉक बँडवर सतरा पुस्तकं निघाली होती आणि त्यांतली सोळा बाईंनी सोलून काढली होती. हे चाहत्यानं लिहिलंय, हे व्यवस्थापकाच्या तोंडचं, ह्यात तर तारखासुद्धा धड नाहीत. सतरावं त्यांचं स्वतःचं होतं. प्रत्येक साक्षीला त्या अ, ब, क, ड अशी विश्वासार्हतेची प्रत द्यायच्या. शिवाय त्यांचा एक नेम होता: ज्याच्याबद्दल लिहिलं, त्याच्या घरी जाऊन ते प्रकरण आधी त्याला वाचून दाखवायचं, मगच छापायला द्यायचं. हा नेम त्यांनी विद्यार्थ्यांच्या तीन पिढ्यांना अभिमानानं शिकवला होता.

नव्या आवृत्तीवर उगमपट्टीच्या तपासणीचा शिक्का हवा, असा प्रकाशकाचा आग्रह होता. म्हणून त्या दिवशी सकाळी अकराला संगीत अभिलेखागाराच्या वाचनखोलीत बाईंसमोर धैर्यशील चौगुले येऊन बसला होता. ‘गुऱ्हाळ’चा एकेकाळचा ड्रमवादक, आता सत्तरीला टेकलेला. २००४ साली बँडच्या दुसऱ्या अल्बमचं सगळं मूळ ध्वनिमुद्रण एका संध्याकाळी स्टुडिओतून पुसलं गेलं आणि बँड फुटला. ते धैर्यशीलनं रागाच्या भरात पुसलं, हे २०१८ साली बाईंच्या पुस्तकानं सिद्ध केलं. त्यानंतर त्यानं ड्रमला हात लावला नाही आणि गावानं त्याला कधी कार्यक्रमाला बोलावलं नाही.

पट्टी बांधत होती तबस्सुम मुजावर, अभिलेखागाराची तंत्रज्ञ. त्याला पुसताना पाहिल्याचं सांगणाऱ्या आधीच्या दोन साक्षीदारांच्या आठवणी ऐकीव निघाल्या होत्या, पण बाईंनी ते हसण्यावारी नेलं होतं. ते दोघे पहिल्यापासून गप्पिष्ट. करणारा माणूसच कबुली देतोय म्हटल्यावर बघणाऱ्यांचं काय एवढं?

“काका, ती संध्याकाळ आठवा,” तबस्सुम म्हणाली.

“त्यात नवं काय हाय, पोरी? मीच पुसलं. प्यायलेलो होतो, प्रसन्नाशी वाजलं होतं. यंत्रासमोर बसलो, बटण दाबलं.” प्रसन्न इंगवले म्हणजे बँडचा गायक. धैर्यशील पुढे म्हणाला, “आणि साबुदाण्याच्या पापड्या तळल्याचा वास येत होता.”

“स्टुडिओत?”

“तेच मला कधी उमगलं न्हाई बघा.”

पडद्यावर शब्द उमटला: ऐकीव.

तबस्सुमनं पट्टी सोडून पुन्हा बांधली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. मग तिनं त्याला नुसता वास आठवायला सांगितलं, तेव्हा मात्र ‘देखीव’ उमटलं. “वास खरा आहे, मॅडम,” ती हळू आवाजात म्हणाली. “पण तो ऐकतानाचा आहे. ही गोष्ट त्यांना कुणीतरी सांगितली, तेव्हा जवळपास पापड्या तळत होत्या.”

कुठे तळत होत्या ते हेमांगीबाईंना लख्ख आठवलं. शाहूपुरीतलं धैर्यशीलचं घर, आत त्याची आई कढईपाशी, आणि बाहेरच्या खोलीत स्वतः हेमांगीबाई प्रकरण चार मोठ्यानं वाचून दाखवतायत. त्याआधी दोनदा विचारलं होतं, तेव्हा त्यानं ‘मला कायच आठवत नाही’ एवढंच सांगितलं होतं. वाचून झाल्यावर मात्र तो म्हणाला, आता आठवलं. त्या दोन साक्षीदारांनाही त्यांनी असंच वाचून दाखवलं होतं.

मग प्रकरणात ते आलं कुठून? त्यांनी सोबत आणलेली २०१८ ची वही उघडली. तीन पुस्तकांचे आधार, तिन्हींना ‘ब’ प्रत. ती तिन्ही पुस्तकं वाचनखोलीतल्याच कपाटात होती. त्यांनी उभ्याउभ्या टिपा चाळल्या. तिन्ही लेखकांनी एकाच चाहत्याच्या पत्रिकेतली एकच ओळ उचलली होती: ‘धैर्यानेच पुसले असे ऐकतो.’ इतरांची पिसं काढणाऱ्या बाईंनी एका अफवेला तीन साक्षी मानलं होतं. त्यांना आपली इतकी किळस यापूर्वी कधी वाटली नव्हती.

वहीच्या पुढच्याच पानावर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: ‘वाचन चालू असताना आई आतून आल्या. म्हणाल्या, त्या दिवशी दुपारपासून हा घरीच पडून होता, शुद्ध नव्हती, मी उशाशी बसले होते. साक्षीदार आई, पक्षपात उघड. प्रत ड. वगळावे.’

ते पान फाडावं, असं त्यांच्या मनात क्षणभर आलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि ती नोंद धैर्यशीलला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवली.

“म्हणजे मी न्हाई केलं?”

“नाही, धैर्यशील. चूक माझी आहे. मी छापून सांगेन, पहिल्या पानावर सांगेन.”

तो खूष होईल, निदान चिडेल, असं तबस्सुमला वाटलं होतं. त्यानं पट्टी स्वतःच सोडली आणि नीट घडी घालून टेबलावर ठेवली.

“आई तीन वर्षं माझ्याशी भांडत होती,” तो म्हणाला. “तू न्हवतास तिथं, तू माझ्यापुढं झोपलेलास, एकच घोशा. मी म्हणायचो, आई, मला आठवतंय न्हवं? आणि मॅडमनी सगळं तपासून लिवलंय, त्या काय खोटं लिवतील? शेवटी दवाखान्यात ती मानली. म्हणाली, असंल बाबा, माझ्याच ध्यानात नीट राहिलं नसंल. तसंच मानून गेली ती.”

बाईंना त्याच्याकडे बघवेना.

“तुम्ही पहिल्या पानावर छापशीला, गाव वाचंल,” धैर्यशील म्हणाला. “पण मॅडम, आता आईला कोण सांगणार?”