गुरुजींच्या कॅसेटमधल्या दोन रेघा

लॅपटॉपच्या पडद्यावर अगदी तळाशी दोन बारीक पिवळ्या रेघा होत्या. वरची ठळक, खालची फिकट. त्यांच्या वर गाण्याच्या रेघा चढत होत्या, वळत होत्या, मध्येच तुटत होत्या. या दोघी मात्र जागच्या हलत नव्हत्या, आणि एकमेकींना चिकटतही नव्हत्या.

"हे काय आहे रे?" पल्लवीने विचारलं.

शेजारचा वेंकटेश पुढे वाकला. तो तबला शिकायचा आणि या सुट्टीत शाळेच्या ध्वनिमुद्रण शिबिराला जात होता. आवाजाचं असं चित्र काढायला तो तिथेच शिकला होता. खर्जातले सूर चित्रात खाली, तारसप्तकातले वर.

"ती विजेची गुणगुण. टेपरेकॉर्डर विजेवर चालतो ना, त्यातून आत शिरते. कचरा आहे तो. यशवंतअण्णा पुसून टाकणार आहेत."

"कचरा इतका सरळ रेषेत?" पल्लवीचा धाकटा भाऊ रोहित चुरमुऱ्यांच्या गिरमिटाचा घास घेत म्हणाला. "आपल्या गल्लीतला तर कुठेही पसरतो!"

"रोहित, गंमत पुरे. रविवार परवावर आलाय!"

रविवारी काय होणार ते तिघांनाही माहीत होतं.

केशवापूरच्या इंदुमतीअक्का गाणं शिकवायच्या. पल्लवी पाच वर्षं त्यांच्याकडे जात होती. पहिल्या वर्षी तिचा सा लागायचाच नाही. अक्का कधी रागावल्या नाहीत, रोज तिच्याबरोबर तोच सा लावत राहिल्या. ध्वनिमुद्रणही शिकू का, असं पल्लवीने विचारलं की मात्र त्या नुसतं 'बघू' म्हणायच्या. अक्कांचे गुरू धारवाडचे बाळाचार्य. त्यांच्या जुन्या कॅसेट एका पेटीत सापडल्या, आणि कमरीपेठेतल्या स्टुडिओवाल्या यशवंतअण्णांनी त्या संगणकावर उतरवल्या. रविवारी गुरुजींच्या स्मृतिदिनाला ते गाणं सगळ्यांना ऐकवायचं होतं.

पण ते ऐकलं आणि अक्का पांढऱ्याफटक पडल्या. गुरुजी हार्मोनियमच्या काळी एक पट्टीत गायचे आणि अगदी संथ गायचे. अक्का गेली चाळीस वर्षं हेच सांगत होत्या, असंच शिकवत होत्या. इथे तर सूर होता पांढरी दोनचा, आणि लय चांगलीच चढी!

"कॉम्प्युटर खोटं बोलत नाही, अक्का," यशवंतअण्णा म्हणाले होते. "वय झालं की माणूस विसरतो."

त्या संध्याकाळी अक्कांनी मुलांना समोर बसवलं. "मी गुरुजींचं गाणं चुकीचं लक्षात ठेवलं आणि तुम्हालाही चुकीचं शिकवलं. रविवारनंतर वर्ग बंद."

म्हणून तर पल्लवीने अक्कांकडून त्या गाण्याचा पेन ड्राइव्ह मागून आणला होता.

"विजेची गुणगुण किती असते?" तिने विचारलं.

"सेकंदाला पन्नास कंपनं. जरा इकडेतिकडे होतात, पण फार नाही."

पल्लवीने बाण खालच्या रेघेवर नेला. पन्नास. मग वरच्या रेघेवर नेला.

"त्रेपन्न."

"अय्यो!" वेंकटेश ओरडला. "नोडु, नोडु! परत बघ!"

पुन्हा त्रेपन्नच आले.

"एका घरात दोन विजा?" रोहित म्हणाला.

"एक स्टुडिओतली, आजची," पल्लवी सावकाश म्हणाली. "आणि दुसरी... कॅसेटच्या आतली. गुरुजी गात होते त्या दिवसाची."

"पण तेव्हाही पन्नासच होती! मग त्रेपन्न कशी झाली?"

रोहितचा घास हातातच राहिला. "पळवली म्हणून! कॅसेट जोरात पळवली तर सगळंच वर चढणार ना! वीजही चढणार आणि गुरुजीही!"

दोघं त्याच्याकडे बघत राहिले.

"तू हुशार आहेस," पल्लवी म्हणाली.

"आभारी आहे. अप्पांना सांगाल का जरा?"

वेंकटेश बोटांवर हिशोब करत होता. "पन्नासाचे त्रेपन्न म्हणजे बरोबर अर्धा स्वर! काळी एकच्या पुढची पट्टी कुठली?"

"पांढरी दोन!" पल्लवी उठून उभीच राहिली.

तासाभरात तिघं कमरीपेठेत पोचले. यशवंतअण्णांनी हेडफोन एका कानावरून सरकवला, सगळं ऐकून घेतलं आणि ते खो खो हसले.

"चित्रं बघून मला गाणं शिकवता? अरे, या मशीनची मोटर मागच्या दिवाळीत मी माझ्या हाताने बदललीय. नवी कोरी! त्या रेघा आत्ताच पुसतोय मी. जा, क्रिकेट खेळा."

"अण्णा, संध्याकाळपर्यंत तरी पुसू नका!" पल्लवीने हात जोडले.

"बरं, संध्याकाळपर्यंत. निघा आता!"

तिघं पायरीवर बसले. दाराशेजारी यशवंतअण्णांचा तरुणपणीचा फोटो होता, हातात माइक धरलेला. रोहित त्याच्याकडे बघत होता, आणि एकदम त्याचे डोळे चमकले.

"ताई! आपल्या दुकानाची जुनी जाहिरात! ती यांच्याच आवाजात आहे ना?"

कोप्पीकर रोडवर त्यांच्या वडिलांचं, म्हणजे अप्पांचं, कापडाचं दुकान होतं. माळ्यावरच्या खोक्यात ती कॅसेट अजून होती. जेवणं उरकून तिघं ती घेऊन परतले. रोहितने चेहरा अगदी भोळा केला.

"अण्णा, अप्पांना ही जाहिरात पुन्हा हवीय. पण ती मिनिटाची आहे की कमी, त्यांना आठवत नाही."

"कमी?" अण्णा खुर्चीत ताठ झाले. "थिएटरात मध्यंतराला आम्हाला मिनिटच मिळायचं. मिनिट म्हणजे मिनिट! सेकंद इकडे नाही, तिकडे नाही. पैज लाव. घड्याळ काढ तुझं!"

रोहितने लगेच फोन काढला. अण्णांनी त्याच मशीनमध्ये कॅसेट घातली आणि बटण दाबलं.

"लग्नसराई आली हो, शालू घ्यायला चला..."

अण्णांचं हसू हळूहळू विरलं. "हा कोण पोरगा बोलतोय?"

"तुम्हीच, अण्णा."

"छे! माझा आवाज कसा भरदार होता! आणि मी एवढ्या घाईने कधी बोलायचो?"

जाहिरात संपली. रोहितने फोन त्यांच्यासमोर धरला. मिनिट पुरं व्हायला साडेतीन सेकंद बाकी होते.

"घड्याळही खोटं बोलत नाही, अण्णा," वेंकटेश हळूच म्हणाला.

यशवंतअण्णांनी कॅसेट बाहेर काढली. मग त्यांनी मशीनचं झाकण उघडलं.

"मोटर बदलली, पण वेग तपासायचा राहूनच गेला. आणि मी अक्कांना काय काय बोललो!"

त्यांनी गुरुजींची कॅसेट लावली आणि बारीक स्क्रूड्रायव्हर मोटरच्या मागच्या छिद्रात घातला. "पोरी, तू पडद्याकडे बघ. मी फिरवतो, तू सांग."

"त्रेपन्न... बावन्न... अजून थोडं... एक्कावन्न..."

वरची रेघ खाली येत होती. गुरुजींचा आवाज रुंद होत होता, लय शांत होत होती.

"बास, अण्णा! बास!"

पडद्यावर आता एकच रेघ होती. वेंकटेशने रोहितच्या पाठीत धपाटा घातला, रोहितने त्याला परत दिला, आणि अण्णांनी दोघांनाही मिठीत घेतलं.

संध्याकाळी अण्णा स्वतः मुलांबरोबर केशवापूरला आले. अक्कांनी आधी नकोच म्हटलं. "ऐकलंय मी ते. पुन्हा कशाला?"

"एकदाच, अक्का," पल्लवी म्हणाली.

गाणं सुरू झालं. अक्का मान खाली घालून बसल्या होत्या. हळूहळू त्यांची मान वर आली. हाताने मांडीवर ठेका धरला, तोच संथ ठेका, रोज वर्गात धरायच्या तो. त्यांनी कोपऱ्यातला तानपुरा छेडला. तो काळी एकमध्ये लावलेला होता. गुरुजींचा सा त्यात अलगद मिसळला.

"हेच," अक्का पुटपुटल्या. "हेच गायचे ते."

डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

यशवंतअण्णांनी हात जोडले. "चूक माझी होती, अक्का. कॉम्प्युटरचं नाव सांगून तुम्हाला गप्प केलं. ही पोरं नसती तर रविवारी मी सगळ्यांना खोटं गाणं ऐकवलं असतं."

पल्लवीने चित्र उघडून रेघांची सगळी हकिकत सांगितली. अक्कांनी प्रत्येक गोष्ट पुन्हा विचारून समजून घेतली.

"ही गुणगुण पुसू नका, यशवंत," त्या म्हणाल्या. "राहू दे गाण्याखाली. तिचे उपकार आहेत माझ्यावर." मग त्यांनी तिघांना जवळ ओढलं. "आणि तुमचे तर किती! माझे गुरुजी मला परत आणून दिलेत."

"अक्का, वर्ग?" रोहितला राहवेना. "म्हणजे मी गात नाही, पण ताई घरी रडते आणि मला झोप येत नाही!"

अक्का हसल्या. मग पल्लवीकडे वळल्या.

"गाण्याबरोबर ध्वनिमुद्रणही शिकू का, असं दोन वर्षं विचारतेयस तू. आणि मी दोन वर्षं 'बघू' म्हणतेय. मला भीती वाटायची, यंत्र हाताशी आलं की पोरांचा कान आळशी होईल. पण यंत्र कळत नव्हतं म्हणूनच मी माझ्या कानावर अविश्वास दाखवला."

पल्लवी पुढे सरकली.

अक्कांनी तानपुरा नीट उभा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "वर्ग बंद होणार नाही. सोमवारपासून सकाळी रियाज आणि दुपारी ध्वनिमुद्रण. माझ्याकडे गाणं शिकणाऱ्या प्रत्येकाने दोन्ही शिकायचं. यशवंत, तुम्ही शिकवा. वेंकटेश मदत करेल. आणि पल्लवी, तुझ्या शेजारी माझीही सतरंजी घाल. मीही शिकणार आहे."