तिसरी फिल्म

हॉस्पिटलच्या अभ्यासाच्या नियमांचं पत्रक मला आता तोंडपाठ झालं होतं. पाठीचा कणा वाकलेली साठ मुलं. दिवसातले अठरा तास कण्याला आधार देणारा ब्रेस. दर चार महिन्यांनी ब्रेस काढून एक एक्स-रे. कणा किती अंशांनी वाकलाय ते दोन डॉक्टर नाव न बघता वेगवेगळं मोजणार. फिल्मवर दुसऱ्या कुणाची सावली आली की ती बाद. तीन बाद झाल्या की मूल अभ्यासातून बाहेर, आणि ब्रेस परत करायचा.

आमच्या ठकीच्या दोन बाद झाल्या होत्या.

"ताई, मुलीला धरायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना?" दुसऱ्या वेळी एक्स-रेवाले काका वैतागले.

"मी तुमच्या शेजारी उभी होते, काका! काचेच्या अलीकडे!"

"मग हा हात काय माझा?"

पडद्यावर ठकीच्या बरगड्या होत्या आणि त्यांच्यावर पाच बोटांची हाडं. तळवा बरोबर कण्याच्या बाकाला टेकलेला. पहिल्या फिल्मवरही तिथंच होता. मशीन तपासलं, प्लेट बदलली, काही सापडलं नाही. शेवटी काकांनी एका फॉर्मवर ‘आईने मुलीला धरले’ असं लिहून माझ्यापुढे सरकवलं.

"कर गं सही," नवरा म्हणाला. "किती हुज्जत घालशील?"

केली. न केलेल्या चुकीखाली.

डॉक्टरीणबाईंना वाईट वाटलं. "बाक अडतीस अंशांवरून सव्वीसच्या आसपास आलेला दिसतोय. पण बाद म्हणजे बाद."

"आणि चाळीसच्या पुढे गेला तर?"

"ऑपरेशन. पण तुमची गाडी तिकडे चाललेलीच नाही हो."

आज तिसरी फिल्म. सकाळचे अकरा. ठकी आमच्याकडे पाठ करून उभी, नाड्यांचा गाऊन, एका मोज्यातून अंगठा बाहेर. मी दोन्ही तळवे काचेवर टेकवले, काकांना दिसतील असे.

"बघून ठेवा. नंतर तक्रार नको."

"ठेवलं, ताई, ठेवलं," काका म्हणाले. मग माइकमध्ये, "बाळा, श्वास रोख."

तेवढ्यात गाऊन उजव्या बाजूला आत दबला. वारा नव्हता. तळव्याएवढाच भाग, सपाट.

आठ महिन्यांचा संताप उसळून आला.

"काढ तो हात," मी दात आवळून पुटपुटले. "सोड तिला."

गाऊन सैल झाला.

बटण वाजलं.

फिल्मवर फक्त ठकीची हाडं होती. "सुटलो बुवा!" काका हसले. मलाही हसू आलं.

बाकावर बसून मी तिला ब्रेस चढवायला घेतला. खालचा पट्टा सकाळी पेनाने केलेल्या खुणेपर्यंत पोचेना. "नीट बस ना गं," मी म्हटलं. ती नीटच बसली होती.

अर्ध्या तासाने डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या.

"फिल्म ग्राह्य धरली," त्या म्हणाल्या. "एकाचं मोजमाप एकेचाळीस. दुसऱ्याचं त्रेचाळीस."

ठकी माझ्या बाहीला ओढत होती. तिचा उजवा खांदा खाली गेला होता.

"आई," ती रुसून म्हणाली, "शाळेत धरतेस, जिन्यावर धरतेस. मग आत्ताच हात का काढलास?"